शेवटच्या चार लेखांतली नावं

प्रिय अक्का,

उद्या सकाळी फाइल पाठवायची आहे आणि मला भीती वाटतेय. तुला सांगितल्याशिवाय ती पाठवणं जमेल असं वाटत नाही, म्हणून दुपारी जेवण झाल्या झाल्या लिहायला बसलो.

तू हसशील. सगळी नोकरी पेपरात गेली माझी. पान सुटायच्या बेतात असताना अख्खी बातमी उतरवून दुसरी चढवलीय, तेव्हा कधी घाबरलो नाही. आणि आता तू भाषांतर केलेल्या शेवटच्या चार लेखांसमोर बसून एखादं नाव तिरक्या अक्षरांत घालू की सरळ ठेवू, एवढ्यावर आठवडाभर अडलोय. कुणाला सांगितलं तर म्हणतील, या माणसाला रिटायर होऊन फार दिवस झाले.

तूच सुरू केलंस हे सगळं. कॉलेजातून निवृत्त झालीस आणि पहिल्याच रविवारी म्हणालीस, "तुझे सदरातले लेख मी इंग्रजीत करते." मी म्हटलं, "कोण वाचणार लोहाऱ्याच्या बाजाराबद्दल इंग्रजीत?" तर तू म्हणालीस, "मराठीत तरी कोण वाचत होतं? पण तू लिहिलेसच की."

मग दर रविवारी धाराशिवहून लोहाऱ्याला एसटीनं, नाहीतर मधे उतरून काळ्यापिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, मी तुझ्या दारात. तू ओट्यावर चटई टाकून तयार. आपली पद्धत ठरलेली. तू केलेलं इंग्रजी मी मोठ्यानं वाचायचं आणि तू डोळे मिटून ऐकायचं. माझे इंग्रजी उच्चार ऐकून दाजी आतून म्हणायचे, "नागेशराव, लढाई चाललीय का भाषांतर?"

आणि वाचताना कुठल्या पुस्तकाचं, गाण्याचं, नाटकाचं नाव आलं की तू डोळे उघडायचीस. "थांब. हे घर आहे का खोली?"

कॉलेजातल्या पोरांना इंग्रजी शिकवतानाही तू असंच सांगायचीस. जे आपल्या पायावर उभं आहे, म्हणजे पुस्तक, पेपर, सिनेमा, नाटक, ते घर. त्याचं नाव इंग्रजीत तिरक्या अक्षरांत. जे दुसऱ्याच्या आत राहतं, म्हणजे पुस्तकातला धडा, पेपरातला लेख, संग्रहातली कविता, एखादं गाणं, ती खोली. तिला अवतरणचिन्हांची भिंत घालायची. पोथी, पुराण, धर्मग्रंथ म्हणजे देऊळ. त्याला तिरकंही करायचं नाही आणि भिंतही घालायची नाही, नुसतं नमस्कार करून पुढं जायचं.

मी कंटाळायचो. आमच्या पेपरात पुस्तक असो, योजना असो, नाहीतर चौकातली पानटपरी असो, सगळ्याला एकेरी अवतरण, विषय संपला. मी तसं म्हटलं की तू म्हणायचीस, "म्हणून तुमच्या पेपरात कुणाची उंचीच कळत नाही."

उंची. लहानपणी गावी, तेरला, गोठ्यात बसून तू मला इंग्रजी मुळाक्षरं शिकवलीस तेव्हाही हेच सांगत होतीस, आठवतं? मराठीत सगळी अक्षरं एका रेषेला टांगलेली, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. इंग्रजीत प्रत्येक अक्षराला मोठं रूप आणि धाकटं रूप. पुस्तकाचं नाव लिहिताना पहिला शब्द आणि शेवटचा शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करायचा, मधले वजनदार शब्दही मोठ्यानं, आणि ऑफ, अँड, द असले मधे मधे राबणारे शब्द लहान ठेवायचे. मी विचारलं होतं, "त्यांनी काय पाप केलं?" तू माझ्या डोक्यात टपली मारलीस. उत्तर दिलं नाहीस. खरं तर तुलाही ते माहीत नसावं.

अक्का, आता भीतीचं सांगतो.

सोलापूरच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि मेंदूतली गाठ दाखवली. दाजी भिंतीला टेकून उभे होते, मी त्यांच्या शेजारी. तू खुर्चीत ताठ. डॉक्टर म्हणाले, आधी नावं जातील. माणसांची, वस्तूंची. मग हळूहळू बाकीचं. तू पर्स उघडून चष्म्याचं घर काढलंस, परत ठेवलंस. जीपमध्ये बसल्यावर मला म्हणालीस, "नावंच जायची होती का रे? आपली तर नावांचीच कामं राहिलीत." आणि खिडकीतून बाहेर बघायला लागलीस. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. ती अजून आहे.

त्यानंतरही कितीतरी रविवार तुझं सगळं नीट चाललं होतं. चुकलीस तर मी सांगायचं, हे तूच बजावलं होतंस. "दया करू नको माझ्यावर. दया केलीस तर मला कळेल आणि मी तुझं तोंड बघणार नाही." मी सांगत होतो. तू दुरुस्त करत होतीस.

मग तो रविवार. मी 'पाणंद' साप्ताहिकाबद्दलचा लेख वाचत होतो, जिथं मी पहिली बातमी लिहिली ते आपल्या भागातलं साप्ताहिक. तुला त्याचे अंक पोस्टानं यायचे, तू जपून ठेवायचीस. त्याचं नाव आलं आणि तू डोळे उघडून म्हणालीस, "हे काय आहे रे? घर का खोली?"

मी हसून म्हटलं, "परीक्षा घेतेस का माझी?"

मग मी तुझ्याकडं पाहिलं. तू खरंच विचारत होतीस.

मी "घर" म्हटलं आणि पुढं वाचत राहिलो. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तू घाबरली होतीस, अक्का. तू घाबरतेस हेच मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तू मला येऊच दिलं नाहीस. दाजींच्या फोनवरून निरोप: "अक्का म्हणतेय, उरलेले चार लेख पुरे झाले की या. मधे येऊ नका, नादात व्यत्यय येतो." व्यत्यय? माझ्यामुळं? मी ऐकलं, कारण तू सांगितलेलं मी ऐकतच आलोय. पण तुला विचारतो, का केलंस असं? मी तुला तसं पाहू नये म्हणून? मी पाहिलं असतं तर काय झालं असतं? धाकटा भाऊ कशाला असतो मग?

चार लेख झाले. तू गेलीस. फाइल दाजींनी जशीच्या तशी माझ्याकडं दिली. मी न उघडता बंगळुरूच्या प्रकाशकांना पाठवली. उघडायचं धाडस नव्हतं, हे तुझ्यापासून काय लपवू?

मागच्या सोमवारी तिथल्या संपादक मुलीचा फोन आला. मानसी नाव, मूळची पुण्याची, बोलायला गोड.

"सर, पुस्तक फार सुंदर झालंय. मॅडमचं इंग्रजी इतकं स्वच्छ आहे. फक्त शेवटचे चार लेख…"

"काय झालं?"

"सर, टायटल्सचा गोंधळ आहे. आधीच्या सगळ्या लेखांत एकही चूक नाही, आमच्या कॉपी एडिटरनी खास कौतुक केलं. पण शेवटच्या चारांत तेच साप्ताहिक एकदा इटालिकमध्ये आहे, एकदा कोट्समध्ये. पोथीचं नाव पूर्ण कॅपिटलमध्ये. काही ठिकाणी 'ऑफ' सुद्धा कॅपिटल. कुणी दुसऱ्यानं केलंय का हे काम?"

"नाही. तिनंच केलंय."

"मग आमच्याकडं एक सीनियर अनुवादक आहेत, ते हे चार लेख नव्यानं बघून देतील. तुम्हाला त्रास नको. फक्त मग अनुवादक म्हणून दोन नावं द्यावी लागतील."

दोन नावं. सगळा जन्म तू दुसऱ्यांच्या पुस्तकांची नावं कशी लिहायची हे पोरांना शिकवलंस. तुझं स्वतःचं नाव ज्याच्यावर येणार असं हे एकच पुस्तक. आणि तिथंही तुझ्या शेजारी एक अनोळखी माणूस उभा राहणार, जो तेरला कधी आला नाही, ज्यानं लोहाऱ्याचा बाजार पाहिला नाही?

मी म्हटलं, "मी बघतो. मला थोडी मुदत द्या."

"पुढच्या सोमवारी सकाळपर्यंत, सर. त्यापुढं छपाई थांबेल."

म्हणून मी त्या दिवशी फाइल उघडली.

काय सांगू, अक्का. इंग्रजीत मी कच्चा, पण इतक्या रविवारी तुझ्यासमोर बसून एवढं तरी कळायला लागलं होतं. 'पाणंद' पहिल्या लेखात तिरका, म्हणजे घर. बरोबर. दुसऱ्या लेखात त्याला अवतरणचिन्हं, म्हणजे खोली. आपल्याकडच्या शाहिराचा दुष्काळावरचा पोवाडा, जी खोली असायला हवी, तिथं घर. 'सुनेचा न्याय' हे गावातलं नाटक, धडधडीत घर, त्याला भिंत घातलेली. सोनारी गावावरच्या लेखात भैरवाच्या पोथीचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत, शिवाय तिरकं. जिथं तिथं ऑफ आणि अँड मोठे.

आणि शेवटच्या लेखात आईचं गाणं. धार काढताना म्हैस अस्वस्थ झाली की आई म्हणायची ते. चार ओळींचं. त्याला नाव नव्हतं, तूच पहिल्या शब्दांवरून दिलंस, 'स्टँड स्टिल, माय डार्क वन'. ते तू तिरकं केलंस. एखाद्या मोठ्या ग्रंथासारखं.

मला दोन गोष्टींची भीती वाटली. एक, हे असंच छापलं गेलं तर तुझा आजार छापला जाईल. कुठल्यातरी लांबच्या गावातला वाचक ओठ मुरडून म्हणेल, शेवटी शेवटी बाईंचा तोल गेलेला दिसतो. दुसरी त्याच्या उलट. मी दुरुस्त करायला बसलो आणि यातलं काही तू मुद्दाम केलेलं असलं तर? तुला विचारायचं कसं? मी एकेका नावावर हात ठेवायचो आणि वाटायचं, हे पुसलं तर तुझं शेवटचं बोलणं पुसलं जाईल. मग हात काढून घ्यायचो. तीन दिवस असेच गेले. चहा गार होत होता. घरात कुणी हाक मारली तरी दचकत होतो.

शुक्रवारी सकाळी शेवटी लोहारा गाठलं.

दाजी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. तू गेल्यापासून स्वयंपाक स्वतःच करतात. मला बघून म्हणाले, "या. रविवार नसताना आलाव? काय, पेपर बंद पडला का?"

मी त्यांच्यासमोर कागद ठेवले आणि म्हटलं, "दाजी, शेवटच्या चार लेखांच्या वेळी अक्का काम कसं करायची? कुणी मदतीला होतं का?"

ते तांदूळ निवडतच राहिले. "मीच व्हतो की."

"तुम्ही?"

"व्हय. तिला सकाळी बसवायचो टेबलापाशी. लिहायची. मधेच थांबायची आन् मला इचारायची, अहो, हे घर हाय का खोली?"

"आणि तुम्ही?"

"आता मला काय कळतंय त्यातलं? इंग्रजीचा आन् माझा संबंध तहसीलीत शिक्का मारण्यापुरता. पण ती इचारायची, तर गप बसून कसं चालंल? तिला वाटलं असतं, याला बी कळंना. म्हणून सांगायचो."

"कशावरून सांगायचात?"

दाजींनी ताट बाजूला ठेवलं. "मनाला यील तसं. जे आपल्याला आवडतं ते घर. न्हाय आवडलं, तर खोली."

मी कागद उलटले. "'पाणंद' एकदा घर आणि एकदा खोली?"

ते जरा ओशाळले. "पहिल्या डावाला ध्यानात न्हाय आलं. दुसऱ्या डावाला आठवलं, त्या पेपरानं एकदा आमच्या तहसीलीबद्दल वंगाळ छापलं व्हतं. माझं नाव नव्हतं त्यात, पण तरी. म्हटलं, खोली."

"आणि 'सुनेचा न्याय'?"

"त्यात सासऱ्याला लई वाईट दाखवलंय, नागेशराव. मला कधी पटलं न्हाय ते नाटक."

"शाहिराचा पोवाडा?"

"आमच्या लग्नात गायला व्हता तो गडी. त्याला खोली देऊ?"

मला हसू आलं. "आणि हे मोठ्या अक्षरांचं? पोथीचं?"

"देवाचं नाव. लहान कसं करायचं?"

"आणि ऑफ? अँड?" मी त्यांना बोटानं दाखवलं. "हे मधले बारके शब्द?"

"ती एकेका शब्दावर बोट ठिवून इचारायची, हे मोठं का लहान? म्हटलं, मोठंच कर. लहान कशाला ठिवायचं कुणाला."

अक्का, माझ्या त्या जुन्या प्रश्नाचं असं उत्तर मला तुझ्याकडून कधी मिळालं नव्हतं.

मग ते माझ्या हातातल्या कागदांकडं, माझ्या तोंडाकडं बघायला लागले. रंग उतरला त्यांचा. "का इचारताव? मी चुकवलं का तिचं पुस्तक?"

दाजी म्हणजे आयुष्यभर तुझ्या शब्दाबाहेर न गेलेला माणूस. चहात साखर किती हेही तू ठरवायचीस. तुझ्या शेवटच्या दिवसांत पहिल्यांदा तू त्यांना काही विचारलंस आणि त्यांनी पहिल्यांदा काही ठरवलं. बसल्या जागी ते लहान लहान होत चालल्यासारखे दिसले मला.

"नाही दाजी. चुकवलं नाही. पण तिथले लोक त्यांच्या पद्धतीनं मागतायत. मला बदलावं लागेल."

"तिची पद्धत काय व्हती?"

"त्यांच्यासारखीच. तिनंच मला शिकवली."

"मग तिच्यासारखं करा." ते लगेच म्हणाले. "मला काय इचारायचं त्यात? ती इचारायची तवा बी म्हणायची, नीट आठवून सांगा, चूक जाऊ देऊ नका. तिला नीटच पायजे व्हतं. मलाच नीट म्हाईत नव्हतं."

अक्का, माझी निम्मी भीती तिथं ओट्यावर गेली. तू विचारत होतीस. म्हणजे तुला ते बरोबरच हवं होतं. नियम हातातून सुटलाय हे तुला कळत होतं, आणि तो धरून ठेवायला तू घरातल्या एकुलत्या एक माणसाचा हात धरलास. यात तोल जाण्यासारखं काय होतं? याच्यापेक्षा तोल सांभाळणं वेगळं काय असतं?

मी उठलो. जीपचा आवाज यायला लागला होता. दाजी दारापर्यंत आले आणि म्हणाले, "एक मात्र तिनं इचारलं न्हाय."

"कुठलं?"

"म्हशीचं गाणं. तुमच्या आईचं. मी शेजारीच बसलो व्हतो. मनात म्हणत व्हतो, आता इचारंल, तर घर सांगायचं. पण तिनं इचारलंच न्हाय. लिहिलं आन् पुढं गेली."

"म्हणजे तिनं स्वतः ठरवलं?"

दाजींनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. "त्या दिसांत बोलणं कमी झालं व्हतं तिचं. इचारायचंच थांबली असंल. काय सांगावं."

जीपवाला ओरडत होता. मी बसलो. नळदुर्गच्या पुढं येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच होतं, आणि उरलेली निम्मी भीती दुप्पट होऊन परत आली. बाकी सगळं तुझ्या नियमानं करता येईल. पण हे एक? हे तू ठरवलंस, की तोपर्यंत घर आणि खोली यांतला फरकच तुझ्यासाठी मिटला होता? सांगणारं आता कुणी नाही. आई नाही. तू नाही. गाणं म्हणणारी एक आणि ते लिहिणारी एक, दोघीही नाहीत.

शुक्रवारी आल्यापासून काल दुपारपर्यंत मी सगळी नावं नीट केली. मोठ्यानं वाचत केली, समोर कुणी नसताना. नाटक घर केलं. पोवाड्याला भिंत घातली, आणि खरं सांगतो, तुमच्या लग्नातला तो शाहीर डोळ्यांपुढं आला. पोथीचं देऊळ केलं. सगळे ऑफ आणि अँड लहान केले. एकेक लहान करताना मला दाजींचा चेहरा दिसत होता. काल संध्याकाळी त्याची कच्ची प्रत नजरेखालून घालायला मानसीकडं पाठवली, गाण्याला हात न लावता; पक्की फाइल उद्या.

आज सकाळी तिचा फोन. रविवार असूनही.

"सर, कमाल केलीत. सगळं एकसारखं झालं. फक्त एकच राहिलंय, शेवटच्या लेखातलं गाणं. ते इटालिकमध्ये आहे. गाणं म्हणजे कोट्समध्ये हवं ना? चुकून राहिलं असेल. मीच बदलून टाकू का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिच्या एका बोटाच्या हालचालीचं काम. तुझ्या नियमानं ती म्हणत होती ते बरोबरही होतं.

मी म्हटलं, "नको. तसंच राहू द्या."

"सर, पण नियमानं…"

"मानसी, गाण्याला अवतरणचिन्हं का द्यायची? ते कशाच्या तरी आत असतं म्हणून. संग्रहाच्या, चित्रपटाच्या. बरोबर?"

"हो, साधारण तसंच."

"हे गाणं कशाच्या आत आहे? कुठल्या संग्रहात नाही. रेडिओवर नाही. गावात दुसऱ्या कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आमच्या आईच्या तोंडी होतं, आणि ती ते एका म्हशीला म्हणायची."

तिच्या मागं कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, बहुतेक तिचंच. ती म्हणाली, "कॉपी एडिटर मला कारण विचारतील, सर. मी काय लिहू?"

"अनुवादिकेचा निर्णय, असं लिहा."

"मॅडमनी तसं सांगितलं होतं?"

अक्का, इथं मी थांबलो. पेपरात एक गोष्ट शिकलो, माहीत नसलेलं माहीत आहे म्हणून छापायचं नाही. सगळी नोकरी तेवढ्यावर निभावली. आणि फोनच्या त्या टोकाला एक मुलगी साध्या हो किंवा नाहीची वाट बघत होती.

"तिनं कुणालाही न विचारता तसं लिहिलं," मी म्हटलं.

यात एकही शब्द खोटा नव्हता.

"ठीक आहे सर. तसंच ठेवते." आणि पुढं, "मग क्रेडिट पेजवर एकच नाव?"

"एकच."

"स्पेलिंग एकदा मेसेज करा मॅडमच्या नावाचं. चुकायला नको."

मी मेसेज केला. पाच वेळा तपासून. उद्या सकाळी शेवटची फाइल गेली की मग कुणालाच काही बदलता येणार नाही.

मला अजून माहीत नाही, अक्का. रात्री झोपताना वाटतं, तू ठरवलं होतंस, आईला तू खोलीत कशी ठेवशील? सकाळी उठल्यावर वाटतं, तुला काही आठवतच नव्हतं आणि मी तुझ्या विसरण्याला निर्णय म्हणून बसलो. दोन्ही वेळा भीती सारखीच. मला वाटलं होतं, फाइल पुरी झाली की ही भीती जाईल. ती जाणार नाही असं दिसतंय. पुस्तक छापून येईल, कुणीतरी अनोळखी माणूस शेवटच्या लेखात त्या ओळीवर येईल, आणि त्याला वाटेल ही चूक आहे, किंवा वाटेल ही फार हुशारीची गोष्ट आहे. त्या दोन्ही वेळी मी तिथं नसेन.

एवढा मात्र तुला शब्द देतो. पुस्तक आलं की पहिली प्रत घेऊन लोहाऱ्याला जाईन आणि दाजींना काय काय बदललं ते माझ्या तोंडानं सांगेन, त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायची वाट बघणार नाही. आणि त्या गाण्याबद्दल कुणी विचारलं, समारंभात, पत्रातून, फोनवर, कुठंही, तर "अक्कानं ठरवलं" एवढंच सांगेन. दवाखान्याचं नाव काढणार नाही, ओट्यावरच्या त्या रविवारचं नाव काढणार नाही. कितीही भीती वाटली तरी पुढं एक शब्द बोलणार नाही.

तुझा धाकटा,
नागेश